भाटवेळ तीन दिवस बंद आहे

"अहो पावणं, ही गादी उचला की! सीट माणसांसाठी असतीया."

कोल्हापूरच्या स्टँडवर, मालवण गाडीच्या तिसऱ्या बाकाशी उभं राहून पवित्रा एवढ्या जोरात म्हणाली, की कंडक्टरनंसुद्धा मागं वळून बघितलं. गादी गुंडाळलेली होती, सुतळीनं करकचून बांधलेली, आणि खिडकीची जागा पटकावून ऐटीत बसली होती. तिचा मालक शेजारी अवघडून बसलेला. सावळा, उंच, केस वाऱ्यानं कायमचे विस्कटलेले.

"टपार पाच घातलंय," तो म्हणाला. "सहावी घातली तर कंडक्टर माकाच खाली उतरवता."

"मग पाचच घ्यायच्या की."

"खोल्ये सहा आसत."

आता ह्याला काय म्हणायचं? पवित्रा भांडायच्या पवित्र्यात होती आणि हा पठ्ठ्या हिशेबातली अडचण सांगावी तसं सांगत होता. "कसल्या खोल्या?" तिनं विचारलं.

"पाहुण्यांच्यो. भाटवेळात. आमी घरातच सोय केली आसा, ह्या वर्षापासून."

पवित्रानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिच्या पिशवीत वही होती, वहीत संपादक सयाजीरावांच्या हातची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एकच शब्द: भाटवेळ. रविवारच्या पुरवणीत 'सुट्टीचं गाव' म्हणून नवं सदर सुरू होणार होतं. पहिलं गाव हेच, आणि पवित्राच्या आयुष्यातला नावानिशी छापून येणारा पहिला लेखही हाच.

"मी पेपरमधून आलेय," ती म्हणाली. "तुमच्या गावावर लिहायला."

पोरगा तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, गादी उचलली, खिडकीची जागा तिला दिली आणि शेजारी बसून गादी स्वतःच्या मांडीवर घेतली.

"मगे गादी मीच घेतंय," तो म्हणाला. "माजा नाव विश्राम."

पाच तास! राधानगरी गेली, फोंडा घाट आला, परतीच्या पावसाची सर आली, आणि पवित्राला त्या माणसाचे गादीच्या वर दिसणारे दोन डोळे तेवढे दिसत होते. खिडकीची काच बंद होईना तेव्हा त्यानं काही न बोलता गादीचं टोक खिडकीत दाबून धरलं. गादी भिजली, पवित्रा कोरडी राहिली.

"आता ही ओली गादी कुणाच्या नशिबात?" तिनं विचारलं.

"माज्या," तो म्हणाला. "तुमका सुकी देतंय... भांडू नकात म्हणजे झाला."

पवित्रानं खिडकीबाहेर बघितलं. हसू आलं ते त्याला दिसू नये म्हणून, दुसरं काय?

* * *

चार दिवस ती भाटवेळात राहिली. साठेक घरं, चिऱ्याच्या तांबड्या भिंती, पुढं सुरूची झाडं आणि त्यापुढं समुद्र. सकाळी रापणीचं मोठं जाळं ओढायला अख्खं गाव किनाऱ्यावर. दोरीला कुणीही हात लावावा, लावेल त्याला वाटा. गावात फोन एकच, पोस्टाशेजारच्या दुकानात, आणि तो वाजला की दुकानदार ज्याचा असेल त्याच्या नावानं रस्त्यावर उभा राहून ओरडायचा. पाहुण्यांचं गावाला अजून नवल होतं. "सुट्टी घेऊन इल्यात आणि नुसते बसतत!" असं विश्रामची आई सत्यभामाकाकी जो भेटेल त्याला सांगायची.

पवित्रा लिंगायताची पोर. लक्ष्मीपुरीत वडिलांचं, आप्पांचं, भुसारीचं दुकान, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. पहिल्या दिवशी ती नाकाला ओढणी लावून फिरली. काकीनं तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात काळ्या वाटाण्याची आमटी केली, नीरफणसाची कापं केली, आंबोळ्या केल्या, आणि ती जेवेपर्यंत स्वतः माशाच्या भांड्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी ओढणी कुठं होती हे पवित्राच्या लक्षातही नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी दोघं वाळूत बसले होते. मध्ये वही.

"सगळा लिवलंस?" विश्रामनं विचारलं. चार दिवसांत तुमीचा तू झाला होता, कधी ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"सगळं. अजून काही राहिलंय?"

त्यानं मागं गावाकडं बघितलं. "एक आसा... पण ता छापूचा नाय."

मग त्यानं सांगितलं. काही वर्षांनी एकदा भाटवेळ गाव पळतो. गावच्या देवाचा, रवळनाथाचा, होकाराचा कौल होतो आणि तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहत नाही. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर. चुली विझवायच्या, दारं लावायची, रस्त्यावर माडाचं झावळ आडवं टाकायचं. त्या झावळाच्या आत तीन दिवस पाय टाकायचा नाही, आपला नाही की परक्याचा नाही.

"गावपळण," तो म्हणाला. "यंदा होतली असा वाटता. पण कौल मिळाल्याशिवाय तोंडातसून काढूचा नाय, अशी रीत आसा. तुका सांगलंय ता... सांगलंय."

"मला का सांगितलंस मग?"

"तूच म्हणालंस ना, सगळा लिवलंय. सगळा नाय लिवलंस, ह्या तुका ठावक असूक होया."

पवित्रानं वही मिटली. संपादकांना कळलं असतं तर पहिल्या पानावर घेतलं असतं, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं एक अक्षर लिहिलं नाही.

* * *

लेख आला. आप्पांनी, म्हणजे चनबसाप्पांनी, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मोठ्यानं वाचून दाखवला. आप्पा हळू बोलत नाहीत, हळू बोलणं त्यांना लबाडी वाटते. आणि गुरुवारी दुपारी पेपरच्या ऑफिसात पवित्रासाठी फोन आला.

"दोनदा वाचलंय," विश्राम म्हणाला. "एक एक अक्षर."

"चुका काढायला?"

"गावपळण शोधूक."

पवित्रानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"नाय गावली," तो म्हणाला. "माका तू आवडतंस, पवित्रा. आता फोन ठेवलंस तरी चलात."

तिनं ठेवला नाही. दुपारच्या ऑफिसात, सयाजीराव समोर मुद्रितं तपासत असताना, ती फक्त "मलापण" एवढंच म्हणाली, आणि सयाजीरावांनी चष्म्यावरून बघितलं तेव्हा "मलापण पुढच्या अंकाची घाई आहे" असं जोडून दिलं. मग दर गुरुवारी फोन. ऑफिसात कुणाला कळलं नाही असं तिला वाटायचं. कळलं होतं सगळ्यांना!

इथपर्यंत सगळं गोड. पण घरात वेगळंच शिजत होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अव्वानं, म्हणजे पवित्राच्या आईनं, गौराबाईनं, पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं, "संकेश्वरची माणसं जानेवारीच्या दोन तारखेला बघायला येणार हाईत. पोरगा इंजिनिअर हाय, घर मोठं हाय, आपल्यातलंच हाय. आता न्हाय म्हणायला जागाच ठेवली न्हाय त्यांनी."

सांगायचं तरी काय? कोळ्याच्या पोरावर जीव जडलाय म्हणून? ज्या घरात मांजरानं उंदीर आणला तरी अव्वा अंगण दोनदा सारवते, त्या घरात?

रात्री कूस बदलून बदलून तिनं एक डाव शोधला. नुसतं सांगून पटणार नाही, पण त्यांनी विश्रामला बघितला, काकीच्या हातचं खाल्लं, तर... तर निदान ऐकून तरी घेतील. दुसऱ्याच दिवशी ती आप्पांना म्हणाली, "तुम्ही सगळ्या कोल्हापूरला माझं गाव वाचून दाखवलंत. स्वतः कधी बघणार?"

आप्पांना एवढं बोट पुरे. ओळखीच्या ज्ञानूची ट्रॅक्स गाडी भाड्यानं ठरली. सव्वीस डिसेंबर, तीन दिवस.

आणि बावीस तारखेला ऑफिसात फोन आला.

"पवित्रा, कौल झालो," विश्रामचा आवाज घाबरा होता. "सव्वीसपासून तीन दिवस. मी तुमका गावात घेवक शकणंय नाय. पळण झाल्यार मागसून येवा गो, आठ दिवसांनी."

"आठ दिवसांनी दोन तारीख होऊन गेलेली असेल."

"पण ठेवू खंय तुमका? आमीच उघड्यार!"

"मला ते ठाऊक नाही. मी घेऊन येणार." तिनं सयाजीरावांकडं पाठ केली. "आत्ता नाही तर कधीच नाही, विश्राम. तू एवढंच सांग... तू असशील का?"

खरखर झाली आणि लाइन कटली.

तिनं परत लावला, पंधरा वेळा तरी. गावातल्या त्या एकुलत्या फोनचं दुकानही आवरायला लागलं असणार. तेवीस, चोवीस, पंचवीस, तिन्ही दिवस नुसती रिंग. घरात तिनं ब्र काढला नाही. अव्वा प्रवासाला शेंगदाण्याची चटणी कुटत होती, आणि पवित्रा शेजारी बसून शेंगदाणे सोलत होती. सांगावं का? सांगितलं तर आप्पा नृसिंहवाडीला गाडी वळवतील आणि संपलं. नाही सांगितलं तर रिकाम्या गावापुढं आईबापाला नेऊन उभं करायचं. आणि तो नसलाच तर?

तिनं नाही सांगितलं. चूक होती, तिलाही कळत होतं.

* * *

फोंडा घाट उतरताना आप्पांनी खिशातून कात्रण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. "'भाटवेळच्या दारांना कुलूप माहीत नाही.' व्वा! 'इथे पाहुणा आला की आधी पाणी, मग नाव.' लई भारी लिवलंयस, पोरी."

पवित्रा खिडकीबाहेर बघत होती. आपलंच एकेक वाक्य आपल्याला चावायला यावं, म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

कणकवलीच्या पुढं आप्पांनी एका पानवाल्याला रस्ता विचारला. "तिठ्यावरून जाऊ नका, लांब पडेल," तो म्हणाला, "धरणाच्या कडेनं जा." ज्ञानूनं गाडी तिकडं घातली. दीडच्या सुमाराला ते ओढ्यावरच्या मोरीपाशी पोचले, आणि मोरीपलीकडं भाटवेळ होतं.

आवाज फक्त समुद्राचा. चुलीचा धूर नाही, दोरीवर कपडा नाही. दारं सगळी बंद. आणि रस्त्यावर, मोरीच्या तोंडाशी, माडाचं एक लांबलचक हिरवं झावळ आडवं पडलेलं.

पवित्रानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. विश्राम नव्हता.

"हितं तर चिटपाखरू न्हाय!" आप्पा गाडीतून उतरले. "ओ पावणं! कोण हाय का?"

"अय्यो शिवा," अव्वा पुटपुटली, "साथ आलीया काय गावात?"

"साथ न्हाय आन् काय न्हाय. दुपारची झोप काढत असतील. थांब, मी बघून येतो." आप्पांनी धोतराचा सोगा हातात धरला आणि झावळापाशी गेले. ते ओलांडायला त्यांनी पाय उचलला.

"आप्पा, नको!"

पवित्रा धावली. तिनं बापाचा दंड दोन्ही हातांनी धरून मागं ओढला. जन्मात कधी तिनं असं केलं नव्हतं. "पलीकडं पाय टाकू नका! तीन दिवस कुणी आत जायचं नसतं. त्यांच्या देवाचा कौल आहे. गावपळण आहे ही."

आप्पा बघतच राहिले. "तुला कसं ठावं?"

खोटं सांगता आलं असतं. आत्ता आठवलं म्हणावं, कुणीतरी बोललं होतं म्हणावं. पवित्राला आता खोट्याचा कंटाळा आला होता.

"चार दिवसांपूर्वी कळलं."

"चार दिवसांपूर्वी?" आप्पांचा आवाज चढला. "मग आणलंस कशाला आमाला हितं?"

"एका माणसाला दाखवायला."

अव्वाच्या हातातली पिशवी खाली आली.

"त्याच्याशी लग्न करायचंय मला. विश्राम नाव आहे. ह्याच गावचा, मासेमारी करतो." एका दमात सांगून झालं. डोळे भरले होते, पण तिनं मान खाली घातली नाही.

"कुठाय त्यो?" आप्पांनी विचारलं.

"ठाऊक नाही," पवित्रा म्हणाली.

आणि चनबसाप्पा गप्प झाले. ओरडले असते तर बरं होतं! अव्वा मोरीच्या कठड्यावर बसून राहिली. शेवटी आप्पा एवढंच म्हणाले, "ज्ञानू, गाडी वळीव. आन् मोठ्या रस्त्यानं घे."

पवित्रानं मागं वळून बघितलं नाही. बघायला होतं कोण? फोन कटला होता का त्यानं ठेवला होता, हा प्रश्न चार दिवस तिनं मनातून हाकलला होता, तो आता शेजारीच येऊन बसला. आपलं सगळं गेलं, असं तिला वाटलं. आईबापाचा विश्वास गेला, आणि ज्याच्यासाठी घालवला तो आलाच नाही.

तीन-चार किलोमीटरवर तिठा, म्हणजे तीन रस्त्यांचा फाटा, आला. ज्ञानूनं करकचून ब्रेक दाबला.

रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. उन्हानं तांबडा झालेला, पायाशी पाण्याची कळशी. हातात कुठल्याशा खोक्याचा मोठा पुठ्ठा, त्यावर डांबरानं लिहिलेलं. आप्पांना समोर अक्षरं दिसली की मोठ्यानं वाचल्याशिवाय राहवत नाही.

"'भाटवेळ तीन दिवस बंद आहे. कोल्हापूरच्या पाहुण्यांची सोय इकडे.'" खाली बाण होता.

पवित्राच्या तोंडून हुंदका फुटला.

विश्राम खिडकीशी आला. गाडी गावाच्या बाजूनं आली हे बघून त्याचा चेहरा उतरला होता. नमस्कार राहिला बाजूला, त्यानं आधी विचारलं, "तुमी... झावळाच्या आत गेलास?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "हिनं जाऊ दिलं न्हाय."

विश्रामनं पवित्राकडे बघितलं. मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत तो हलक्या आवाजात म्हणाला, "सकाळी सहापासून उभो आसंय. फोन कट झालो गो, मागसून लागलोच नाय..."

* * *

सोय काजूच्या बागेत होती. साठ घरांच्या साठ झोपड्या माडाच्या विणलेल्या झापांनी उभ्या केलेल्या, मध्ये बांधलेली गुरं, खुराड्यांत कोंबड्या. पण एक झोपडी सगळ्यांपासून जरा दूर होती, वाऱ्याच्या वरल्या अंगाला, म्हणजे माशांचा वास तिकडं जाऊ नये. तिथं तीन नव्या दगडांची चूल, नवी मडकी, आणि आत अंथरलेली सहावी गादी.

सत्यभामाकाकीनं अव्वाला हाताला धरून नेलं. "तुमच्या पूजेचा पाणी येगळा ठेवलंय," ती म्हणाली. "माश्याचो हात लागलो नाय. माज्या झिलानं, विश्रामान, चार दिवस खपून केल्यान ह्या सगळा."

अव्वानं मडक्यात डोकावून बघितलं. मग आपली पिशवी स्वतःजवळच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, लिंगपूजा झाल्यावर, ती काकीच्या चुलीपाशी आंबोळीचं पीठ बघायला गेली, आणि तिकडंच रमली. आप्पा म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून ऊस आणि मासे यांत जास्त कष्ट कशाला, यावर भांडत होते. पोरांचा विषय मात्र ते काढत नव्हते. पवित्राशी ते जेवायला बस, पाणी दे, एवढंच बोलले. तीन दिवस तिचा जीव टांगणीला.

"काय म्हणतले?" विश्राम लांबूनच विचारायचा.

"ठाऊक नाही."

"भांड ना त्यांच्याशी. माज्याशी भांडलंस तशी."

"तुझ्याकडं गादी होती. आप्पांकडं काय आहे उचल म्हणायला?"

चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा कौल झाला. झावळ उचललं. गुरं पुढं, माणसं मागं, भाटवेळ आपल्या घरी परत निघालं. ट्रॅक्स मात्र उलट्या दिशेनं, कोल्हापूरला. विश्राम तिठ्यापर्यंत सोडायला आला होता. तिथं पीसीओ बघून आप्पा म्हणाले, "ज्ञानू, थांब जरा."

ते बूथमध्ये शिरले, काचेचं दार लावून घेतलं. त्या दाराचा काही उपयोग नव्हता, आप्पांचा आवाज घाटावर पोचला असता.

"हॅलो, संकेश्वर? चनबसाप्पा बोलतोय, कोल्हापुरातनं. व्हय... ते दोन तारखेला येऊ नका तुमी... न्हाय न्हाय, आजारी कोण न्हाय. आमच्याकडं गावपळण हाय... म्हंजे घरात कोण नसतंय!... किती दिवस?"

पवित्रा काचेपाशी सरकली. विश्रामनं ट्रॅक्सचा दांडा घट्ट धरला होता.

"ते काय सांगता येत न्हाय बघा," आप्पा म्हणाले. "कौल मिळाल्याशिवाय तोंडातनं काढायचं नसतंय."

ते बाहेर आले आणि पोरीकडं बघून गुरकावले, "दात काढू नकोस. व्हय म्हटलेलं न्हाय मी अजून."

पवित्रा हसतही होती आणि रडतही होती. गाडीतून अव्वानं मान बाहेर काढली आणि विश्रामला पहिल्यांदाच हाक मारली.

"ए पोरा. संक्रांतीला ये कोल्हापूरला. आईला घेऊन ये." मग ती म्हणाली, "आन् हात धुऊन ये."

विश्रामनं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, आणि "व्हय," म्हणाला. मालवणी पोरगा, पण 'व्हय' मात्र अगदी कोल्हापूरचा निघाला.